अ‍ॅलन कुलविकीची एके रेसिंग : दोन इंजिनांवर सुरू झालेली टीम १९९२चं अजिंक्यपद कशी जिंकली?

घाटवळण

नॅसकार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती. त्यांच्या १९९२च्या मोसमाबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट वाचायला मिळते. अ‍ॅलन कुलविकी स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, आणि त्याने बड्या टीमांना दहा गुणांनी मागे टाकलं. पुढे जिद्द, चिकाटी, स्वप्न वगैरे ओतलेलं असतं. ते बाजूला ठेवून यंत्राचं आणि आकड्यांचं कोणी सांगेल का?

'एक गाडी, दोन इंजिनं, दोन पूर्णवेळ माणसं' असं १९८६च्या वर्णनात कायम असतं. एवढ्यावर मोसम ओढायचा म्हणजे नेमकं काय करायचं? बड्या टीमचा मालक ज्युनियर जॉन्सन याची ऑफर नाकारली ती हिशेब करून की हट्टाने? शेवटची शर्यत बिल एलियटने जिंकली आणि अजिंक्यपद मात्र कुलविकीला, हे आघाडीवर काढलेल्या १०३ आणि १०२ फेऱ्यांचं गणित मांडून दाखवाल का? पहिला गियर तुटलेली गाडी पिटमधून (पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागेतून) बाहेर कशी काढली, हेही कुठे धड लिहिलेलं नाही. आणि त्याच्या मृत्यूनंतर टीमचं काय झालं?

लगनट

आधी एक गैरसमज दूर करतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. 'स्टॉक कार' हे आता नुसतं नाव आहे. त्या काळातसुद्धा शोरूमच्या फोर्ड थंडरबर्डचा आणि शर्यतीच्या थंडरबर्डचा संबंध बाह्याकारापुरताच होता. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, वजन ३,५०० पौंड म्हणजे साधारण १,५८८ किलो, पुढे ३५८ घनइंची व्ही-८ इंजिन, वर एकच चार तोंडांचा कार्बुरेटर, मागे चार गियरचा गिअरबॉक्स. गंमत म्हणजे मागचा अ‍ॅक्सल सगळ्यांचाच फोर्डचा नऊ इंची, शेवरोलेवाल्यांचासुद्धा. आणि तो अ‍ॅक्सल धरून ठेवणारे लांब हात शेवरोलेच्या जुन्या पिकअप ट्रकच्या धर्तीचे, तेही सगळ्यांचे, फोर्डवाल्यांचेसुद्धा. कट्टर फोर्डप्रेमी आणि कट्टर शेवीप्रेमी भांडतात तेव्हा हे त्यांना जरूर सांगावं.

आता १९८६. कुलविकी मूळचा विस्कॉन्सिनमधल्या ग्रीनफिल्डचा. वडील गेराल्ड इंजिनं बांधायचे, नॉर्म नेल्सनच्या टीमसाठी. हा स्वतः विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेतून १९७७ साली मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. स्थानिक छोट्या ट्रॅकवर आणि एएसए (अमेरिकन स्पीड असोसिएशन) मालिकेत नाव काढल्यावर त्याने होतं-नव्हतं ते विकलं आणि शार्लटचा रस्ता धरला. निघायला दोन दिवस असताना विजेच्या बिघाडाने ट्रकला आग लागली, तेव्हा दुसऱ्याचा ट्रक मागून ट्रेलर ओढत नेला. १९८५ मध्ये बिल टेरीच्या गाडीतून पाच शर्यती केल्या. १९८६ मध्ये ऐन मोसमात टेरीने टीम बंद करायची ठरवली आणि याने तीच पुढे स्वतःच्या नावाने चालवली. ही एके रेसिंग. गाडीचा नंबर ३५, प्रायोजक क्विन्सीज स्टेकहाउस. मोसमातल्या २९ पैकी २३ शर्यती केल्या, गुणतक्त्यात २१वा आला आणि मायकल वॉल्ट्रिपला मागे टाकून 'रुकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवोदित, झाला.

एका गाडीवर कसं चालतं? मोठ्या टीमकडे ट्रॅकच्या जातीनुसार गाड्या असायच्या : डेटोना-टॅलाडेगा या सर्वांत मोठ्या ट्रॅकसाठी एक, दीड मैली ट्रॅकसाठी एक, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकसाठी एक, उजवी-डावी वळणं असलेल्या रोड कोर्ससाठी एक. एकच गाडी असेल तर सोमवार ते बुधवार तिचं सोंग बदलण्यात जातात. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर मोठे ब्रेक आणि ते थंड ठेवणारे हवेचे पाइप लागतात, मोठ्या ट्रॅकवर ते नुसतं ओझं. स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, अँटीरोल बार सगळं बदलायचं. मागचं गियर गुणोत्तर तर प्रत्येक ट्रॅकला वेगळं.

इथे तो नऊ इंची अ‍ॅक्सल कामाला येतो. त्यातला डिफरन्शियलचा गाभा पुढच्या बाजूने अख्खा बाहेर निघतो. तेल काढा, दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढून घ्या, प्रोपेलर शाफ्ट सोडा, १० नट काढले की गाभा हातात. दुसऱ्या गुणोत्तराचा गाभा आधीच जुळवून ठेवला असेल तर दोन माणसांचं तासाभराचं काम. तो जुळवलेला नसेल, तर क्राउन आणि पिनियनच्या दात्यांचा खेळ मोजत बसण्यात रात्र जाते.

इंजिनाचं दुखणं वेगळं. ५०० मैलांच्या शर्यतीनंतर इंजिन पूर्ण उघडावं लागतं : बेअरिंगा नव्या, पिस्टन रिंगा नव्या, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नव्या. त्या काळच्या नियमाप्रमाणे कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) सपाट तळाचे टॅपेट, म्हणजे दट्टे, असत, रोलर नव्हे. घर्षण सगळं कॅमच्या टोकांवर. नवा कॅम बसवून इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर ते थोडा वेळ चढ्या फेऱ्यांवरच ठेवावं लागतं. मंद चालवलं तर कॅमवर तेल उडत नाही आणि तिथेच तो घासून जातो. स्प्रिंग थकली की व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही, पिस्टन त्याला जाऊन भिडतो, आणि मग ते इंजिन दुरुस्तीचं नाही, भंगाराचं. दोन इंजिनं असणं म्हणजे एक गाडीत आणि एक टेबलावर उघडलेलं. मोठ्या टीमा पात्रता फेरीसाठी हलकं, कमी आयुष्याचं वेगळं इंजिन ठेवायच्या. ज्याच्याकडे मुळात दोनच आहेत त्याने शनिवारी इंजिन उडवलं तर रविवारी घरी.

डावीकडे_वळा

लगनटराव, झकास. प्रायोजकांचा भाग मी पुरा करतो, कारण 'हिशेब की हट्ट' त्यातच आहे.

१९८७ मध्ये झेरेक्स हे कूलंट बनवणारे आले आणि गाडीचा नंबर ३५ चा ७ झाला. मोसमात १५वा. १९८८ मध्ये पॉल अँड्र्यूज क्रू चीफ (टीमचा तांत्रिक प्रमुख) झाला, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला फीनिक्सला पहिला विजय. त्या ट्रॅकवरची ती पहिलीच कप शर्यत (कप ही नॅसकारची सर्वांत वरची मालिका). १६ फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरच्या रिकी रडचं इंजिन गेलं आणि कुलविकी पुढे आला. जिंकल्यावर त्याने ट्रॅकवर उलटी फेरी मारली, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. ओव्हल ट्रॅकवर गाड्या कायम डावीकडे वळतात, त्यामुळे ड्रायव्हरची खिडकी आतल्या बाजूला असते आणि प्रेक्षकांना तो दिसतच नाही. उलटं गेलं की खिडकी प्रेक्षकांकडे. घराणं मूळचं पोलंडचं, म्हणून ती 'पोलिश व्हिक्टरी लॅप'.

१९९० मध्ये रॉकिंगहॅमला एक विजय, मोसमात आठवा. ज्युनियर जॉन्सनने स्वतःच्या ११ नंबरच्या गाडीसाठी विचारलं, याने नाही म्हटलं. पुढे झेरेक्स बाहेर पडले. कुलविकी मॅक्सवेल हाउस कॉफीशी बोलत होता, जवळपास जमलंच होतं. जॉन्सनने पुन्हा विचारलं, या वेळी दुसऱ्या गाडीसाठी. पुन्हा नकार. मग जॉन्सनने ती कॉफीच आपल्या दुसऱ्या गाडीवर आणली आणि आत स्टर्लिंग मार्लिनला बसवलं.

त्यामुळे १९९१ची सुरुवात कायमच्या प्रायोजकाविना. डेटोना ५०० ला गाडीवर अमेरिकी लष्कराचे रंग होते. आखाती युद्धाचे दिवस, पाच गाड्यांना सैन्यदलांची रंगसंगती दिली होती, त्यातली एक ही. नंतर मार्चमध्ये अटलांटा. हूटर्स ही तिथलीच रेस्तराँची साखळी, त्यांचं नाव मार्क स्टॅलच्या गाडीवर होतं. ती गाडी पात्रच ठरली नाही. गावातल्या शर्यतीत आपलं नाव नाही म्हटल्यावर त्यांनी बिननावाची गाडी शोधली, ती कुलविकीची. एका शर्यतीचा करार झाला, तो आठवा आला आणि करार दीर्घ मुदतीचा झाला.

आता माझं मत. पैशाच्या बाजूने पाहिलं तर १९९०चा नकार चुकीचा होता. दुसऱ्याची गाडी पात्र ठरली नाही म्हणून टीम वाचली, याला नियोजन म्हणता येत नाही. पण त्याला हवा होता तो शेवटचा शब्द. स्प्रिंग कोणती, कॅम कोणता, माणूस कोण, सगळं आपल्या हातात. जॉन्सनकडे ते मिळालं नसतं. याची दुसरी बाजूही आहे : माणसं टिकायची नाहीत. रे एव्हर्नहॅम १९९२च्या सुरुवातीला इथे काही आठवडेच होता. पटलं नाही, निघाला, आणि पुढे जेफ गॉर्डनचा क्रू चीफ म्हणून तीन अजिंक्यपदं जिंकला. एवढा माणूस हातचा घालवणं हा त्या शेवटच्या शब्दाचा खर्च.

वजनकाटा

इंजिनिअरिंगची पदवी म्हटलं की लोक मान डोलावतात, पण तिचा उपयोग कुठे झाला ते कोणी सांगत नाही. तो झाला सेटअपमध्ये, म्हणजे स्प्रिंगा, वजन, टायर यांची जुळवणी करण्यात. पैसे कमी असले की इंजिनाचे घोडे (हॉर्सपॉवर) वाढवणं परवडत नाही. वळणात गाडी नीट बसवणं मात्र काटा, पाना आणि वहीवर होतं.

एक उदाहरण, आकडे समजण्यापुरते घेतलेत. चार चाकांखाली चार काटे. पुढचं डावं १,०००, पुढचं उजवं ८००, मागचं डावं ९५०, मागचं उजवं ७५०, एकूण ३,५०० पौंड. पुढचं उजवं अधिक मागचं डावं हे तिरपं वजन : १,७५०, म्हणजे बरोबर ५० टक्के. आता मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा जॅक बोल्ट आवळा. मागच्या काचेत भोक असतं, त्यातून लांब पाना घालून पिट स्टॉपमध्येही हे करता येतं. समजा त्या चाकावर ३५ पौंड वाढले. टेबलाचा एक पाय उंच केला की तिरपा समोरचा पायही जास्त टेकतो आणि उरलेले दोन हलके होतात, तसंच इथे. पुढचं उजवंही ३५ ने वाढतं, पुढचं डावं आणि मागचं उजवं ३५ ने घटतं. नवे आकडे ९६५, ८३५, ९८५, ७१५. तिरपं वजन १,८२०, म्हणजे ५२ टक्के. डाव्या बाजूची बेरीज आधी १,९५० होती, आताही १,९५०. पुढची बेरीज १,८०० होती, ती तेवढीच. बोल्टाने गाडीचं वजन हलत नाही, फक्त तिरपा भार बदलतो.

परिणाम असा की तिरपं वजन वाढलं की गाडी 'टाइट' होते, वळणात नाक बाहेर जातं. कमी केलं की 'लूज', शेपूट सुटते. शर्यतीत टाकी रिकामी होत जाते, मागचं ओझं उतरतं, टायर घासतात, आणि पहिल्या २० फेऱ्यांत गोड वाटणारी गाडी पन्नासाव्या फेरीला वेगळीच वागते. चांगला सेटअप म्हणजे सुरुवातीला थोडं सोसायचं, टाकी अर्धी झाली की गाडी बसते. हे ड्रायव्हरला जाणवतं आणि इंजिनिअरला समजतं. इथे दोघं एकाच हेल्मेटमध्ये होते. मधल्या निरोप्यामुळे होणारा गोंधळ आपोआप वाचला.

त्यात १९८९ मध्ये गुडइयरचे रेडियल टायर आले. त्याआधीच्या बायस-प्लाय टायरांत हवा कमी-जास्त करून त्यांचा घेर ताणता यायचा. उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा जास्त ठेवला की गाडी स्वतःहून डावीकडे वळू पाहते, पाणी प्यायचा पेला आडवा लोटल्यावर गोल फिरतो तशी. याला स्टॅगर म्हणतात. रेडियलच्या आत पोलादी पट्टा असतो, तो फारसा ताणला जात नाही, त्यामुळे हा हुकमी पत्ता कमजोर झाला. वर्षानुवर्षांच्या सेटअपच्या वह्या निम्म्या कामातून गेल्या. जुन्या टीमांची साठवलेली माहिती जेव्हा अशी शिळी होते, तेव्हा लहान टीमला बरोबरीने उभं राहायला जागा मिळते. कारकिर्दीत २०७ शर्यतींत विजय पाच आणि पोल पोझिशन (पात्रता फेरीत पहिला नंबर) २४, हे प्रमाण मला बोलकं वाटतं. एका फेरीपुरती गाडी अचूक बसवणं त्याला जमत होतं. ५०० मैल टिकायला सुटे भाग आणि माणसं लागतात.

हिशेबनीस

अटलांटाचं गणित. मोसमातली शेवटची शर्यत, १५ नोव्हेंबर १९९२, हूटर्स ५००, १.५२२ मैलांच्या ३२८ फेऱ्या. (प्रायोजक शर्यतीचाही तोच आणि कुलविकीच्या गाडीचाही तोच.)

गुण द्यायची पद्धत : पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, सहाव्यापर्यंत पाच-पाचने कमी. मग अकराव्यापर्यंत चार-चारने, पुढे तीन-तीनने. एक तरी फेरी आघाडीवर राहिलं की ५ गुण, आणि सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्याला आणखी ५.

शर्यतीआधी : डेव्ही अ‍ॅलिसन ३,९२८, कुलविकी ३,८९८, एलियट ३,८८८. गणिताने एकूण सहा जण अजिंक्यपदाच्या शर्यतीत होते, पण खरे हे तीन. अ‍ॅलिसन पाचवा आला असता तर बाकीच्यांनी काहीही केलं तरी त्याचंच होतं. अडीचशे फेऱ्या उलटल्यावर अर्नी अर्व्हनची गाडी त्याच्यासमोर आडवी झाली, हा तिच्यावर आदळला आणि २७वा गेला. उरले दोघं, आणि हे दोघंच पुढे धावत होते.

निकाल : एलियट पहिला, १७५ अधिक ५, एकूण १८०. कुलविकी दुसरा, १७० अधिक ५ अधिक ५, एकूण १८०. दोघांची कमाई सारखी, त्यामुळे आधीचा दहाचा फरक तसाच राहिला. ४,०७८ विरुद्ध ४,०६८.

आता ते १०३ आणि १०२. कुलविकी १०३ फेऱ्या आघाडीवर होता, एलियट १०२. समजा जास्त फेऱ्यांचे पाच गुण एलियटला गेले असते. एलियट ३,८८८ अधिक १८५, म्हणजे ४,०७३. कुलविकी ३,८९८ अधिक १७५, म्हणजे ४,०७३. बरोबरी! आणि बरोबरी झाली की मोसमातले विजय मोजतात : एलियटचे ५, कुलविकीचे २. अजिंक्यपद एलियटचं. एका फेरीवर सगळं होतं म्हणतात ते अलंकारिक नाही.

म्हणून अँड्र्यूजने फेऱ्या मोजत गाडी ३१०व्या फेरीपर्यंत ट्रॅकवरच ठेवली. १०३ जमल्या, मग आत बोलावलं. त्यानंतर एलियट उरलेली प्रत्येक फेरी आघाडीवर राहिला तरी पाच गुण हलणार नव्हते.

अजून एक, जे सहसा कोणी मांडत नाही. कुलविकी तिसरा आला असता तरी पाच गुणांनी जिंकला असता. चौथा आला असता तर ४,०६८ विरुद्ध ४,०६८, पुन्हा बरोबरी, पुन्हा एलियट. म्हणजे शेवटच्या १८ फेऱ्यांत त्याला एलियटला गाठायचं नव्हतंच. मागच्या दोघांना एकदम पुढे जाऊ द्यायचं नव्हतं.

घाटवळण

हिशेबनीस, कागदावर मांडून पाहिलं, जुळतंय. मग ३१०व्या फेरीचा स्टॉप टायर न बदलता का केला? आणि गियरचं राहिलंच.

लगनट

दोन्ही एकाच धाग्यात बांधलेले आहेत.

त्या काळच्या टाकीत २२ गॅलन म्हणजे ८३ लिटर. पंप नाही, माणूस खांद्यावर ११ गॅलनचा कॅन घेऊन तो टाकीच्या तोंडाला खुपसतो आणि पेट्रोल स्वतःच्या भाराने उतरतं. भरलेला कॅन ३५ किलोच्या वर. भिंत ओलांडून येणारी माणसं सात. चार टायर आणि पूर्ण टाकी म्हणजे १८-२० सेकंद. शेवटच्या १८ फेऱ्या म्हणजे साडेसत्तावीस मैल. गॅलनला पाच मैल धरा, साधारण २१ लिटर लागणार. एका कॅनचं अर्धं. काही सेकंदांचं काम. टायर बदलायला गेलात तर तेवढ्यासाठी गाडी जॅकवर चढणार, आणि एखादा नट आडवा बसला की खेळ खलास. तेव्हा प्रत्येक चाकाला पाच नट असत, ते रिमच्या भोकांवर आधीच गोंदाने चिकटवलेले असायचे. नट आवळायची हवेची बंदूक तिरपी लागली की आटा जायचा.

घाईच्या स्टॉपमध्ये दुसराच धोका असतो. कॅनचं तोंड टाकीच्या झडपेत पूर्ण बसलं नाही तर झडप उघडत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पेट्रोल जातंय. स्टॉप जितका छोटा तितकी ही शंका मोठी. कुलविकीने शेवटच्या फेऱ्या इंधन वाचवत काढल्या ते उगीच नाही : वळणाच्या आधी लवकर पाय काढायचा, गाडीला वाहत जाऊ द्यायचं. हिशेबनीस म्हणतात त्याप्रमाणे एलियटला पकडायचं नव्हतंच, त्यामुळे ते परवडलं.

गियर. पहिल्याच पिट स्टॉपला पहिला गियर मोडला. तिथेच का मोडतो, तर थांबलेली दीड टन गाडी रुंद, गरम टायरांवर एका झटक्यात पळवायची असते. टायर घसरला तर बरं, पकडला तर सगळा झटका गियरच्या दात्यांवर. आता चार गियरच्या या गिअरबॉक्समध्ये चौथा गियर 'डायरेक्ट' असतो. म्हणजे येणारा शाफ्ट आणि जाणारा शाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात आणि ताकद खालच्या काउंटरशाफ्टवरून जातच नाही. ट्रॅकवर गाडी पूर्ण वेळ चौथ्यातच असते, त्यामुळे पहिला नसला तरी ३२८ फेऱ्या होऊ शकतात.

अडचण दोन ठिकाणी. एक, तुटलेले तुकडे त्याच पेटीत तेलात फिरत असतात. काउंटरशाफ्टवर भार नसला तरी तो फिरतच असतो. एखादा तुकडा दोन दात्यांत सापडला की पेटी जाम. म्हणून मधले गियर टाकायचे नाहीत, पेटीला शक्य तितकं कमी हलवायचं. दुसरी, पिटमधून निघणं. चौथ्यात, उभ्या गाडीने. क्लच घसरवत इंजिनाच्या फेऱ्या वर ठेवायच्या आणि मागून माणसांनी ढकलायचं. क्लच पटकन सोडला तर इंजिन बंद, फार घसरवला तर प्लेटा जळाल्या. एक-दोनदा नाही, शर्यतीतल्या प्रत्येक स्टॉपला हेच करायचं होतं. माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात अवघड ड्रायव्हिंग तीच.

घोडेशक्ती

सगळं ठीक, पण नशिबाचा वाटा तुम्ही लपवताय. २० सप्टेंबरला डोव्हरमध्ये कुलविकी आदळून ३४वा आला, एलियटच्या २७८ गुण मागे, शर्यती उरल्या सहा. एलियटची गाडी मार्टिन्सविल, शार्लट, फीनिक्स अशी एकामागून एक बिघडली नसती तर अटलांटाला हे गणितच उरलं नसतं.

डावीकडे_वळा

मान्य, आणि त्या गाड्या ज्याच्या होत्या तो ज्युनियर जॉन्सन, हेही लिहा. ज्याची नोकरी दोनदा नाकारली त्याच्याच टीमला दहा गुणांनी हरवलं.

पण नशीब म्हणताना एक लक्षात घ्या. शर्यतीत गाडी टिकवणं हा त्या गुणपद्धतीचाच भाग होता. जिंकलेल्याला १७५ आणि दहाव्याला १३४. तिसाव्याला फक्त ७३. म्हणजे जिंकण्यापेक्षा न मोडण्याला मोल जास्त. मोठी टीम विजयासाठी इंजिन ताणते, कधी ते फुटतं. दोन इंजिनांवर शिकलेला माणूस वेगळी सवय घेऊन आलेला असतो. डोव्हरनंतर शार्लटला दुसरा, फीनिक्सला चौथा. एकही विजय नाही, तरी २७८ ची दरी भरली.

त्या अटलांटाच्या गाडीच्या नाकावरचं नाव जरूर पाहा, फोटोत स्पष्ट दिसतं. 'थंडरबर्ड'मधली पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढली होती, उरलं 'अंडरबर्ड'. फोर्ड आणि नॅसकार दोघांची रीतसर परवानगी घेऊन.

हिशेबनीस

टीमचं पुढे काय झालं, ते राहिलं.

१ एप्रिल १९९३ ला नॉक्सव्हिलमधला हूटर्सचा कार्यक्रम आटोपून ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना टेनेसीत ब्लाउंटव्हिलजवळ कंपनीचं विमान पडलं, कुलविकीसह आतले चौघेही गेले. तपासात निघालेलं कारण इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी साचलेला बर्फ आत ओढला जाणं. बर्फ रोखणारी यंत्रणा कार्यपद्धतीप्रमाणे वापरली गेली नव्हती. ब्रिस्टलची ती शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली आणि उलटी फेरी मारली.

इतर टीमचा ड्रायव्हर गेला तर मालक दुसरा आणतो, मालक गेला तर ड्रायव्हर असतो. इथे दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या. ७ नंबर बहुतेक मोसम जिमी हेन्सलीने चालवला, रोड कोर्सना टॉमी केंडलने. त्याच वर्षी टीम जेफ बोडीनने विकत घेतली. अटलांटाच्या त्या शर्यतीत कुलविकीच्या मागे तिसरा आलेला तोच. १९९४ मध्ये त्याने हूझिअर टायर लावले. गुडइयर की हूझिअर अशी स्पर्धा त्या वर्षी चालू होती आणि ज्या ट्रॅकवर हूझिअर चिकटायचे तिथे ही गाडी कोणाला सापडायची नाही. पोकोनो, मिशिगन आणि नॉर्थ विल्क्सबरो अशा तीन शर्यती घेतल्या. नॉर्थ विल्क्सबरोला तर बाकीच्या झाडून सगळ्या गाड्यांना एक फेरी मागे टाकून. कप मालिकेत त्यानंतर आजवर हे कोणाला जमलेलं नाही. वर्षअखेर हूझिअर बाहेर पडले आणि तो फायदाही गेला.

घोडेशक्ती

बोडीनबरोबर डॅरल वॉल्ट्रिप, रिकी रड, एलियट, ब्रेट बोडीन, सगळ्यांनीच स्वतःची टीम काढायचा प्रयत्न केला. रडने १९९७ ला इंडियानापोलिसची शर्यत मारली, बाकी एकेकाने दुकान बंद केलं. २०११ ला टोनी स्टुअर्ट मालक-ड्रायव्हर म्हणून अजिंक्य झाला, पण इंजिनं आणि सांगाडे हेंड्रिक या बड्या टीमकडून यायचे. त्याला एके रेसिंगच्या रांगेत बसवू नका.

वजनकाटा

नाहीच बसवत. लहान टीमचं अलीकडचं उदाहरण हवं तर फर्निचर रो घ्या. शार्लटच्या परिसरात सगळा धंदा असताना ही डेन्व्हरला, २०१७ ला दोनच गाड्या असताना मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर अजिंक्य. पण तिथेही जो गिब्जच्या टीमशी तांत्रिक करार होता, आणि मोठा प्रायोजक निघून गेल्यावर २०१८ च्या अखेरीस कुलूप लागलं.

घाटवळण, त्या शर्यतीचं चित्रण पुन्हा पाहणार असाल तर कुलविकीच्या पिट स्टॉपवर डोळा ठेवा. पेट्रोलचा कॅन बाहेर निघाल्यावर मागची माणसं बाजूला होत नाहीत, बंपरला हात लावून धावतात. बाकीच्या गाड्यांच्या स्टॉपला ते दिसणार नाही.